फेंगडं चाक

चाळीस वर्षं बूट शिवून सासऱ्यांनी दुकान बंद केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात जाहीर केलं, "मी गाडी शिकणार." मुलाने शिकवायला घेतलं आणि दोन दिवसांत हात टेकले. मग ते काम सुनेच्या गळ्यात पडलं. गाडी तशी तिचीच, रोज ऑफिसला तीच न्यायची.

रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तिघं निघायची. सासरे स्टेअरिंगवर, सून शेजारी आणि मागे सासूबाई. "घरी बसून काळजी करण्यापेक्षा इथे बसून करते," असं त्यांचं म्हणणं.

"बाबा, स्टेअरिंग सरळ धरा."

सासरे श्वास रोखून अगदी सरळ धरायचे. तरी गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला सरकायची.

"बाबा, डावीकडे चाललोय आपण!"

"सरळच तर धरलंय गं."

"अहो, परत फुटपाथवर दुकान थाटायचंय का?" मागून सासूबाई.

सून चालवायला बसली की तीच गाडी नाकासमोर जायची. तिसऱ्या रविवारी सासऱ्यांनी किल्ली काढून तिच्या हातात दिली. "राहू दे, बाळ. या हातांना आता नवं वळण लागायचं नाही."

सुनेला चुटपुट लागली. त्या दिवशी ती जरा जास्तच तडकली होती.

दुपारी सासरे फडकं आणि बादली घेऊन गाडी धुवायला बसले. थोड्या वेळाने त्यांची हाक आली.

"इकडे ये. इथे हात फिरव."

पुढच्या डाव्या टायरवर तिने हात फिरवला. बाहेरच्या बाजूला खाचा खोल होत्या. आतली कड मात्र धुतलेल्या बशीसारखी गुळगुळीत.

"असे बूट यायचे माझ्याकडे," सासरे म्हणाले, "आतून झिजलेले. गिऱ्हाईकाचं तोंड न बघता सांगायचो, तुम्ही पाय बाहेर टाकून चालता. तुझं हे चाक फेंगडं चालतंय बघ."

दुसऱ्या दिवशी सुनेने रजा टाकली आणि तिघं गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकने चारही चाकांना यंत्रं अडकवली. समोरच्या पडद्यावर आकडे उमटले, एक लालभडक.

"काकांनी बरोबर ओळखलं," तो म्हणाला. "डावं चाक समोर न बघता थोडं बाहेर बघतंय. स्टेअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडेच जाणार. ताई, तुम्ही रोज चालवता ना? मग नकळत स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरत असाल. खांदा दुखतो का?"

सुनेचा हात आपसूक खांद्यावर गेला. चार महिने ती खांद्याला मलम चोळत होती आणि ऑफिसच्या खुर्चीला शिव्या देत होती.

"म्हणून अलाइनमेंट बघून घ्यायची असते. चाक रस्त्यावर घासत जातं, पेट्रोल जास्त लागतं. आणि असल्या गुळगुळीत टायरवर ओल्या रस्त्यात ब्रेक दाबला, तर गाडी थांबेल कुठे याचा नेम नाही. कुठे आदळली होती का?"

सून सासूबाईंकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्ही बाथरूममध्ये पडलात ना, तेव्हा दवाखान्याच्या वळणावर घाईत चाक फुटपाथच्या कडेवर गेलं. नंतर मी कुणाला बोललेच नाही."

"अगं बाई! म्हणजे तो दणका गाडीचा होता? मला वाटलं, माझं दुसरंही हाड गेलं!"

सासूबाईंना हसू आवरेना. सुनेच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "आणि मी बाबांवर तीन रविवार ओरडले."

"तू कुठे ओरडलीस?" सासरे म्हणाले. "ओरडली ती मागच्या सीटवरची. आणि ही धडपणे चालतेय ना आज? मग गाडी चार महिने लंगडली तर लंगडू दे."

मेकॅनिकने आधी टायर बदलला. मग गाडीखाली जाऊन चाकाला धरणारी दांडी थोडी फिरवली. पडद्यावरचा लाल आकडा हिरवा झाला.

"एवढंसंच?" सासऱ्यांनी विचारलं.

"चार मिलिमीटर, काका."

"टाचेतही एवढं पुरतं," ते म्हणाले आणि मेकॅनिकच्या खांद्यावर थाप मारून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. किल्ली त्यांनी मागितली नाही, नुसता हात पुढे केला.

गाडी सरळ निघाली. रस्त्यावरची पांढरी रेघ कुठे जवळ आली नाही की लांब गेली नाही. सासऱ्यांचे कान आनंदाने लालबुंद झाले होते.

घराचं वळण आलं आणि गेलं.

"बाबा, घर मागे राहिलं."

"माहितीये."

त्यांनी आरशाकडे मानेने खूण केली. सुनेने मागे वळून पाहिलं. सासूबाईंची मान खिडकीला टेकली होती, चष्मा नाकावर घसरला होता आणि त्या गाढ झोपल्या होत्या. सुनेने हात मागे नेऊन चष्मा अलगद काढून घेतला. सासऱ्यांनी गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेली आणि धक्का बसू नये म्हणून फार सावकाश वळवली.