जुलाब नव्हे

सुष्मिताला शाळेत ‘हगरी’ म्हणत. सात वर्षांची पोर, चड्डी रोज खराब. तिची आई दानम्मा इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची आणि घरी आली की आधी चड्ड्या धुवायची. गल्लीतला कंपाउंडर जुलाब थांबवायच्या गोळ्या द्यायचा. गुण कसला येतोय, उलट वाढतच चाललं. शेवटी हेडमास्तर हंबीररावांनी निरोप धाडला, जुलाब थांबल्याशिवाय पोरीला पाठवू नका.

दानम्मानं कामावर खाडा केला आणि पोरीला घेऊन कोल्हापूरची एस.टी. धरली.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सुष्मिताचं पोट चाचपलं, पोटाचा एक्स-रे काढायला लावला.

“जुलाब कुठले? पोट गच्च भरलंय. आत शीचा खडा धरलाय, त्याच्या कडेनं पातळ झिरपतंय. हिला कळतसुद्धा नाही. आणि तुम्ही गोळ्या देऊन वरून बूच मारलंत!”

दानम्माचे हात शिवशिवले. कंपाउंडर समोर असता तर काही खरं नव्हतं.

“धरून का ठेवतेस गं?” बाईंनी पोरीला विचारलं.

“शाळंतल्या संडासाला कुलूप हाय. किल्ली मास्तरांकडं असती.”

एनिमानं पोट मोकळं झालं. बाईंनी बजावलं, “पोट साफ ठेवायचं हे पातळ औषध कित्येक महिने चालणार. बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही. आणि खाणं झालं की संडासला बसवायचं, शाळेतसुद्धा. तिथं धरलं की पुन्हा हेच.”

दुसऱ्या दिवशी दानम्मा पोरीला घेऊन हंबीररावांसमोर उभी. “हिला जुलाब न्हाईत. संडासाला कुलूप, म्हणून धरून बसती.”

“पोरं घाण करत्यात, पाणी न्हाय. म्हणून कुलूप,” ते म्हणाले.

“तुमास्नी बरं मिळतंय पाणी?”

हंबीरराव खाकरले. “बरं, तुझ्या पोरीपुरती किल्ली देतो.”

“एकटीला नगं. एकटी गेली की पोरी चिडवणार, ही परत धरून बसणार. कुलूपच काढा. पाणी मी भरतो.”

“आन् न्हाय काढलं तर?”

“तर रोज मधल्या सुट्टीत हिला तुमच्या खुर्चीम्होरं बसवतो. बसवा म्हणालीया डॉक्टरीण. कुठं, ते काय बोलली न्हाय.”

कुलूप निघालं.

दानम्मानं हापशावरनं पिंप भरलं. मधली सुट्टी झाली, सुष्मिता आत गेली. बाहेर बघता बघता पोरींची रांग लागली. एवढ्या जणी धरून बसल्या होत्या!

“आवर की गं सुष्मे!”

“हुईना अजून!” आतून आवाज आला.

दानम्मा दाराला पाठ लावून उभी राहिली. “हुईस्तवर बस गं. ह्यास्नी थांबू दे.”