कोटाखालचा तास

मी गजराचं घड्याळ बोलतोय. पत्र्याचा डबा, पाठीला दोन चाव्या आणि जन्मभर एकच काम, तास मोजणं. जमिनीवर सर्वांत वेगाने गाडी पळवण्याचे विक्रम मंजूर करणाऱ्या कचेरीत माझी उभी हयात गेली.

नियम साधा. गाडीने मैलभर पळायचं, वळायचं आणि तोच मैल उलट्या दिशेने पळून तासाच्या आत संपवायचा. दोन्ही वेगांची सरासरी म्हणजे विक्रम. जाताना वारा पाठीशी असला तर येताना तोच तोंडावर बसतो, हिशेब चोख. तो तास माझा. गाडी मैलात शिरली की निरीक्षककाका माझे काटे बारावरून सोडायचे. पन्नासाव्या मिनिटाला मी घणघणायचो, की चाकं बदलणाऱ्यांची नुसती तारांबळ.

मग वेग मोजायला ते मशीन आलं, तास मात्र माझ्याकडेच राहिला. सेकंदाचे हजार तुकडे करतं म्हणे. करेना का. दुसऱ्याच्या संसारात डोकवायची मला सवय नाही, पण टेबल एकच, दिसतं ते दिसतं. त्याला गादी, त्याला छत्री, त्याच्यासोबत फोटो. मला पुसायचा रुमालसुद्धा त्याच्याकडे गेला. जळफळाट होणार नाही तर काय?

गेल्या खेपेला एक ताई आली होती. धाकट्या भावासोबत सहा वर्षं खपून गाडी बांधलेली. गाड्या पळवायचं हे कोरडं तळं वर्षातून तीनच आठवडे मिळतं, आणि तिचा तो शेवटचा दिवस. पहिली धाव झाली, मशीनवर आकडा उमटला, सगळे त्याच्याभोवती गोळा. "उन्हाने दिसेना," म्हणत काकांनी कोट काढून आडोसा केला. तो घसरून माझ्या डोक्यावर.

पन्नासाव्या मिनिटाला मी वाजलो. कोटात. जनरेटरच्या घरघरीत कुणालाच ऐकू गेलं नाही. खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या झाल्या. विचारा म्हटलं आता त्या हजार तुकड्यांना.

तिकडे भाऊ मनगटावर बघून म्हणाला, "तायडे, अजून बारा मिनिटं आहेत. घाई नको, चाक नीट आवळू दे." त्याने तास धरला होता गाडी थांबल्यापासून. एवढ्या वेगातली गाडी थांबायलाच चार मिनिटं खाते.

ताईने परतीचा मैल संपवला, झेंडा पडला. काकांनी सवयीने कोट उचलला. माझा मोठा काटा बारा ओलांडून एक मिनिट पुढे होता.

मशीन विक्रमाचा आकडा दाखवत होतं. काकांनी पेनाचं टोपण परत लावलं.

"एका मिनिटासाठी, काका?" भावाचा आवाज फाटला.

"एका सेकंदासाठी असतं तरी हेच, बाळा. गजर मीच झाकला, ते मी लिहून देतो. पण सही नाही करता येणार."

ताईने हेल्मेट काढलं. भावाच्या मनगटावरचं घड्याळ सोडवून स्वतःच्या खिशात टाकलं. "चल, गाडी झाकू."

तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. जन्मभर हेच तर मागत आलो होतो. आणि वाटत होतं, कुणीतरी नजर वळवेल तर बरं.

आता तळ्यात पाणी आहे. मी कपाटात, मशीनच्या शेजारी. ताईचा नवा अर्ज आलाय. 'कचेरीकडून काय हवं' या रकान्यात तिने लिहिलंय, तास मोठ्याने सांगणारा एक माणूस. माझं नाव नाही. मशीनचंही नाही, तेवढंच बरं वाटलं.

तो माणूस तुम्ही असाल, तर मला कानाशी धरून बसा. या खेपेला मी मनापासून वाजणार आहे.