पंचफुलाबाईची मेथी

"चहा मंग पी. आधी सांग, मेथी पास झाली का नापास?"

कृषी केंद्राच्या काजलच्या हातात पंचफुलाबाईंनी कप दिला खरा, पण सोडला नाही.

"पास हाये, मावशी. शिसं मर्यादेच्या आत आलं."

पंचफुलाबाईंनी आता कुठं कप सोडला आणि त्या बांधावर टेकल्या. त्यांच्या वावराच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना होता. तो बंद पडला, पण त्याचं शिसं नाल्याच्या पाण्यानं वावरात येऊन बसलं. तपासणीत ते मेथीतही निघालं, तेव्हा बाजारात कुणाला कळायचं कारण नव्हतं. पंचफुलाबाईंनीच धाड गावच्या आठवडी बाजारात उभं राहून सांगितलं, "माही भाजी नेऊ नका." त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचे यजमान उद्धवराव मुकाट्यानं दुसऱ्याच्या वावरात राबत होते.

मुळांपाशीच शिसं अडवून धरणारे जिवाणू काजलनं बाटलीतून आणून दिले. गुळाच्या पाण्यात कालवून वाफ्यांना द्यायचे होते. पण काढा कढत असला तरच लागू पडतो, हा पंचफुलाबाईंचा घरचा हिशेब. पहिल्या वर्षी त्यांनी अख्खी बाटली उकळत्या पाण्यात ओतली. जिवाणू जागीच खलास! गाव औषधाला नावं ठेवू लागलं, तेव्हा त्या भर ग्रामसभेत उठल्या.

"औषध खोटं नोतं. मीनंच उकळून मारलं."

चूक झाकायला सगळेच हुशार असतात. ती चारचौघांत सांगायला छाती लागते, आणि ती या बाईला होती. दुसऱ्या वर्षी लेकराच्या आंघोळीचं पाणी पाहावं तसा मनगटावर थेंब घेऊनच त्यांनी बाटली उघडली.

"अन् नाल्याकडचे दोन वाफे?" त्यांनी आता विचारलं.

काजलनं मान खाली घातली. "ते मर्यादेच्या जरा वर हायेत."

"दोन वाफ्यांनं का होते?" मागे उभे असलेले उद्धवराव म्हणाले. "बाकीच्यात मिसळून जाईन."

 पंचफुलाबाई नाल्याकडे जाऊन हिरवीगार मेथी उपटू लागल्या. उपटलेली जनावरांनाही न घालता वेगळ्या पोत्यात भरू लागल्या.  मग उद्धवरावांनीही शेजारी बसून हात लावला.

बाजारच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते निवृत्त शिक्षिका सरस्वतीबाई. पंचफुलाबाई लगबगीनं पिशवीतून तपासणीचा कागद काढू लागल्या.

"कागद राहू दे," सरस्वतीबाई म्हणाल्या. "तू नको म्हनलं, मी दोन वर्षं मेथी नेली नाही. आता बी तूच सांग."

पंचफुलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"खा, बाई."

भाजीवाल्यांच्या सगळ्या ओळीला ऐकू गेलं. सरस्वतीबाईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.