ऊन नळी

"छातीत यंत्र बसवलंय का तुमच्या?" वांडाने दारातच विचारलं.

अर्ल टकरने होकारार्थी मान हलवली. मग त्याला जमिनीवरच्या पिवळ्या रेषेपुढे जाता येणार नव्हतं. आतल्या चुंबकाने ते यंत्र बंद पडलं असतं. तिने तसं सांगितलं, तेव्हा तो टोपी हातात धरून रेषेअलीकडेच उभा राहिला.

क्लीव्हलंडच्या या तळघरातल्या प्रयोगशाळेत वांडाची उमेदीची वर्षं गेली होती. चुंबकाच्या पोटात, काचेच्या नळकांड्यात जिवंत मांसाचा तुकडा ठेवायचा, पंपाने त्याला प्राणवायू मिसळलेलं ऊन पाणी पाजत राहायचं आणि त्याची शक्ती कशी ओसरते ते पडद्यावर बघायचं. एरवी तुकडा उंदराच्या हृदयाचा असे. आजचा रोझलिनचा होता, अर्लच्या मुलीचा. ती गाडीच्या अपघातात गेली. तिचं हृदय दुसऱ्या कुणाला बसवण्याजोगं उरलं नव्हतं, म्हणून अर्लने ते संशोधनाला दिलं, आणि मग इस्पितळात एकेकाच्या मागे लागून इथवर पोचला. प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकांनी नाइलाजाने परवानगी दिली आणि स्वतः वरच्या मजल्यावर जाऊन बसले.

"धडधडतंय का?"

"नाही हो. एवढासा तुकडा आहे. नुसता जिवंत आहे."

तुकड्यातली शक्ती दाखवणारे पडद्यावरचे उंचवटे तिने त्याला दाखवले. सकाळी ते चांगले उभे होते, आता बसत चालले होते. अजून थोडं ओढता येईल का, असं त्याने हळूच विचारलं. वांडाने पंपाचा वेग वाढवला. फरक पडणार नाही हे तिला ठाऊक होतं. पडलाही नाही.

पंप रेषेच्या अलीकडे होता. तिथून एक लांब नळी आत गेली होती. काय वाटलं कुणास ठाऊक, वांडाने अर्लचा हात धरून त्या नळीवर ठेवला.

"ऊन लागतंय."

"अंगाइतकंच ठेवतो आम्ही."

"लहानपणी ट्रकमध्ये माझ्या मांडीवर पाय टाकून झोपायची," तो म्हणाला.

हळूहळू उंचवटे सपाट झाले. वांडाने पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

"गेलं, टकर."

"मी बंद करू का, बाई?"

तिने बटण दाखवलं. त्याने डाव्या हाताने ते दाबलं. उजवा नळीवरच होता. पंपाची घरघर थांबली. नळी लवकरच गार झाली असणार, पण अर्लने हात काढला नाही. वांडाने एक स्टूल आणून त्याच्यामागे ठेवलं.