लेओन्सच्या दुनळीचा रंग

आमची नात नोएली हिचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला कर्टिस येऊ शकला नाही, त्या वर्षीची ही गोष्ट. कर्टिस माझ्या थोरल्या दिराचा, लेओन्सचा, एकुलता एक मुलगा. तेव्हा तो अंगोलाजवळच्या समुद्रात तेलविहिरीवर कामाला होता. लेओन्स आदल्या वर्षीच गेला होता. त्याची जुनी दुनळी बंदूक माझ्या जावेने, ओडीलने, माझ्या नवऱ्याच्या हातात दिली.

"कर्टिस येईपर्यंत तू वापर, आद्रास," ती म्हणाली. "नुसती पडून राहिली की बंदूक रुसते."

आमच्या दलदलीतली रीत अशी, की मागून आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही आणि मागून आणलेली बंदूक आणली त्याहून स्वच्छ द्यायची. आद्रास रीत पाळणारा माणूस. हिवाळाभर त्याने त्या दुनळीने बदकं मारली, घरी आल्यावर आधी ती पुसली, मग स्वतःचे बूट काढले. मोसम संपला तेव्हा तेल लावून ती ओडीलकडून आली होती त्याच चामड्याच्या खोळीत घातली आणि कपाटात उभी केली.

आमच्या स्वतःच्या बंदुका चुलीवरच्या भिंतीला खिळ्यांवर उघड्याच असतात. खाऱ्या हवेत चामडं ओल धरून ठेवतं आणि ती ओल लोखंड खाते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी म्हणाले, "म्हाताऱ्या, ती पण बाहेर टांग की."

"लेओन्सची खोळ आहे ती. मेलेल्या भावाचे कपडे उतरवून भिंतीला टांगू त्याला?"

"भावाला कपडे लागतात. बंदुकीला वारा लागतो."

"तू तुझा गम्बो ढवळ, म्हातारे."

मी चुलीवरचा तो रस्सा ढवळला.

उत्तरेचा पहिला गार वारा सुटला आणि कर्टिसचा फोन आला. बदकांचा मोसम उघडायच्या आत येतोय, पारें, बाबांची बंदूक तयार ठेवा, म्हणाला. पारें म्हणजे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी आद्रासनेच त्याला हातांवर धरलं होतं. आद्रासने हसत फोन ठेवला, कपाटातून खोळ काढली आणि दुनळी ओढली. खोळीच्या अस्तराची लोकर नळ्यांना चिकटून बाहेर आली. त्याने ती नखाने खरवडली. खाली सगळं तांबडं होतं, फोड आल्यासारखं.

"दार लाव," तो म्हणाला. भर दुपार होती. घरात आम्ही दोघंच होतो. तरी मी दार लावलं.

गावातल्या कारागिराकडे तो जाईना. रविवारी प्रार्थना संपायच्या आत सगळ्या खाडीला कळलं असतं. आम्ही लांब वरच्या गावात निघालो, बंदूक गोधडीत गुंडाळून सीटमागे. पुलावर त्याच्या मावसभावाने समोरच्या गाडीतून हात केला. आद्रासने हात उचलला नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

त्रोक्लेर नावाचा तो कारागीर सॉसेज खात बसला होता. हात पुसून त्याने गोधडी उलगडली.

"काय केलंत हिला?"

"पूर आला होता," आद्रास म्हणाला.

त्रोक्लेरने नळ्या खिडकीकडे धरून फिरवल्या. "पूर गाळाची रेघ ठेवून जातो. ही चहूकडून सारखी खाल्ली आहे. खोळीत होती ना?"

आद्रास हातातल्या टोपीच्या आत काहीतरी शोधू लागला. शेवटी मीच म्हणाले, "हो."

"गरम क्षारांच्या कढईत बुडवून लोखंडाला देतात तो निळा-काळा रंग हिला चालणार नाही," त्रोक्लेर म्हणाला. "जुनी दुनळी. नळ्या कथलाने डाखलेल्या. कढईत डाख सुटला की दोन सवतींसारख्या दोन बाजूंना जातील." मग त्याने रंगवलेल्या पट्ट्यांची माळ काढली. पट्ट्यांवर रंगांची नावं होती. वाचायला मी उशिरा शिकले, त्यामुळे अक्षरं दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही. चिखली, शेवाळी, सुकं गवत.

"हा भट्टीत भाजतात तो रंग. आधी वाळूच्या माऱ्याने सगळं खरवडायचं, खड्डे बुजवायचे, वर हा द्यायचा. खारं पाणी याचं काही वाकडं करत नाही."

"आणि ही कोरलेली बदकं?" बंदुकीवरच्या नक्षीवर बोट ठेवत आद्रासने विचारलं.

"ती जातील."

"पण गंज दिसणार नाही?"

"काहीच दिसणार नाही. मालकाचा बाप आला तरी ओळखणार नाही."

आद्रासने चिखली पट्टी हातात घेतली होती. ती त्याने हळूच खाली ठेवली.

"दुसरं काय आहे?"

"जुनी पद्धत. हा गंज काढायचा, मग आपणच बारीक गंज चढवायचा, पाण्यात उकळायचा. उकळला की काळा होतो. तो घासायचा, पुन्हा चढवायचा. बदकं राहतील. पण खड्डेही राहतील, आणि सतत तेल मागेल ती."

"तेच कर," आद्रास म्हणाला. परतीच्या वाटेत म्हणाला, "भट्टीचा रंग दिला असता तर त्याला कळलंच नसतं."

"मग?"

"मग मला एकट्यालाच ठाऊक राहिलं असतं." मला त्याने मोजलंच नव्हतं.

मोसम उघडायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ओडीलकडे गेलो. रीतीप्रमाणे आद्रासने दुनळी बिजागरीवर उघडून, रिकामी आहे हे दाखवत कर्टिसच्या हातात दिली. कर्टिसने नळ्यांतून दिव्याकडे पाहिलं. आत चकचकीत होतं. मग त्याचा अंगठा बाहेरून फिरू लागला आणि थांबला.

"पारें, हे काय झालं?"

"मी केलं," आद्रास म्हणाला. "उन्हाळाभर खोळीत ठेवली. तुझ्या बापाच्या."

ओडील कॉफी ओतत होती. "कुठली खोळ?"

आद्रासने काखेतली खोळ पुढे केली.

"ही लेओन्सच्या बंदुकीची कुठली? चर्चच्या सोडतीत लागली होती ती. तो गळाच्या काठ्या ठेवायचा तिच्यात. बंदूक त्याने जन्मात घातली नाही." मग तिचा आवाज खाली आला. "मीच घालून दिली. विधवेच्या घरातून उघडी बंदूक घेऊन निघालास, तर लोक म्हणतील हिने नवऱ्याचं घर विकायला काढलं."

कोणी हसलं नाही. ओडीलचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता, आणि आद्रास त्या खोळीचा बंद ओढत होता, सोडत होता.

कर्टिसने तेलाचं फडकं मागितलं. नळ्या पुसता पुसता म्हणाला, "पहाटे बरोबर चला, पारें."

"गुडघा दुखतोय."

गुडघा दुखत नव्हता. उजाडलं तेव्हा तो मागच्या पायरीवर बसून दलदलीतले बार ऐकत होता. "ही तीच," एकदा म्हणाला आणि आत आला. त्यानंतर त्याने कोणाकडून काही मागून आणलं नाही. शिडीसुद्धा नाही.

आद्रास पुढच्या वर्षी, उपासाचे दिवस सुरू होतात त्या राखेच्या बुधवारानंतरच्या आठवड्यात वारला. ओडील त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली.