तृप्तीच्या लॅपटॉपातली हिरवी खूण

मी एक जुना राखणदार आहे, मित्रांनो. पण माझ्या हातात काठी नाही, डोक्याला फेटा नाही. मला पाहायचं तर लॅपटॉपच्या वरच्या कोपऱ्यात डोळे बारीक करून पाहावं लागायचं. तिथे लाखोरीच्या दाण्याएवढी हिरवी खूण दिसायची ना, तो मी. इंटरनेट पाहायच्या ब्राउझरला चिकटून राहणाऱ्या माझ्यासारख्या लहानशा प्रोग्रामला एक्स्टेंशन म्हणतात. माझं नाव जागल. नाव मोठं आणि लक्षण खोटं, असं तुम्ही शेवटी म्हणाल. म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही.

मला घडवलं रुचिताने. पवनी तालुक्यातल्या आसगावची ही पोर भंडाऱ्याला इंजिनिअरिंगला होती आणि नदीपलीकडे कारध्याला सुंदरबाईंच्या घरी खोली घेऊन राहायची. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट काय करावा म्हणून डोकं खाजवत बसली असताना तिला आपले बाबा, तेजराम, आठवले. धान लोंबीवर आलं की ते बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मचाण बांधून रात्री जागलीला जायचे. रानडुकरं एकदा आत शिरली की वर्षाची मेहनत मातीत जाते. रुचिताच्या मनात आलं, इंटरनेटवरही डुकरं काही कमी नाहीत.

आणि खरंच कमी नाहीत हो! पवनीच्या बाजारात तुम्ही चपलेचा भाव विचारला आणि चप्पल घेतली नाही, तर चपलवाला काही घरापर्यंत तुमच्या मागे येत नाही. इंटरनेटवर येतो. तुम्ही काय वाचता, कुठे थांबता, कशाला घाबरता ते टिपतो आणि दुसऱ्याला विकतो. या टिपणाऱ्यांना बांधावरच अडवणं हे माझं काम. सगळे अडवले की माझी खूण हिरवी, एखादा निसटला की लाल. मला तेवढंच येत होतं, पण तेवढं मी मनापासून करायचो.

तेव्हा माझं कौतुक किती झालं म्हणून सांगू! कॉलेजच्या प्रदर्शनात मला मांडलं, रुचिताच्या मैत्रिणींनी मला आपापल्या लॅपटॉपात बसवून घेतलं. तेजराम मुद्दाम एसटीने आले, पडद्याला नाक लावून त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "मी जागलीवरून येतो तं माहे डोरे लाल राह्यतेत. हा तं हिरवागार हाय. याले झोप येत नाई का वं?"

"नाही येत, बाबा," रुचिता हसत म्हणाली. त्या दिवशी मी फुशारून गेलो होतो.

पुढे तिला नागपूरला नोकरी लागली. नवा लॅपटॉप आला आणि आमचा जुना लॅपटॉप सुंदरबाईंच्या घरी फळीवर, पापडाच्या डब्याशेजारी जाऊन बसला. मला कोणी उघडेना, कोणी सुधारेना. चोर येईपर्यंत राखणदाराची आठवण कोणाला होते? मी आपला धूळ खात पडलो.

मग एके दिवशी तृप्ती आली.

तृप्ती ही रुचिताची मोठी बहीण. विनोदशी लग्न होऊन ती गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातल्या एका गावठाणात नांदायला गेली होती. नांदायला आपलं म्हणायचं. विनोद तिला मारायचा. चारचौघांत मात्र तोंडात गूळ. दोनदा ती आसगावला निघून आली, दोनदा तो गोड बोलून न्यायला आला आणि दोन्ही वेळा तेजरामनी "पोरी, घर मोडू नोको" म्हणत तिला त्याच्या गाडीवर बसवून दिलं. माय असती तर तिने उंबऱ्यात आडवं पडून पोरीला थांबवलं असतं. पण त्यांची माय, पंचफुला, वारली होती. म्हणून तिसऱ्या वेळी तृप्तीने माहेरची वाट धरलीच नाही. फोनवरून कोणी माग काढेल या भीतीने तिने फोन सासरीच ठेवला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी कारध्याला आली. ती इथे आहे हे फक्त रुचिताला आणि सुंदरबाईंना ठाऊक होतं. विनोदला कारध्याचा पत्ता लागू नये, एवढ्या एका गोष्टीवर तिचा सारा जीव टांगला होता.

सुंदरबाई शेतकऱ्याघरच्या, एकट्या राहणाऱ्या. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. तृप्ती दाराशी रडायला लागली तर म्हणाल्या, "कायले भेतं वं? माह्या घरात यमराजबी विचारून येते. आंधी जेव."

रुचिता सुटीच्या दिवशी आली. तिने लॅपटॉप फळीवरून काढला, पुसला आणि बहिणीपुढे ठेवला. "ताई, मराठी टायपिंग शिक. भंडाऱ्यात माह्या वळखीचा प्रेसवाला हाय, घरी बसून काम देईन." मग तिने माझ्यावर बोट ठेवलं. "आन हे पाय. हे हिरवं हाय ना, तोवर तुह्यावर कोणी नजर ठेवून नाई राहिलं, असं समज. बिनधास्त राह्य."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा, मित्रांनो. प्रेमाने बोललेलं होतं.

तृप्ती भराभर शिकली. प्रेसमध्ये लग्नसराईची घाई, त्यामुळे काम आलं तेही लग्नपत्रिकांचं. स्वतःचा संसार टाकून आलेली बाई दिवसभर दुसऱ्यांचे 'मंगल परिणय' टाइप करत बसायची. सुंदरबाई चहा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "आज कोणाले फासावर चढोलं वं?" मग दोघी पोट धरून हसायच्या. आल्यानंतर पहिल्यांदाच तृप्ती हसत होती. रोज सकाळी लॅपटॉप उघडला की ती आधी माझ्याकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "जागा हायेस ना रे?" मी हिरवा असायचो. मग तिचे खांदे सैल पडायचे आणि ती कामाला लागायची.

इतकं कोणी विसंबलं नव्हतं माझ्यावर. मला ते फार आवडायचं.

आता व्हिडिओचं सांगतो. पंचफुला जिवंत असताना एका रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, तृप्तीने तिचा व्हिडिओ काढला होता. आसगावच्या बांधीत चिखलात उभी असलेली माय, हातात पऱ्ह्याची म्हणजे रोपांची पेंडी, तोंडी गाणं. गाता गाता ती मान वर करून ओरडते, "कायले फोटू काढतं वं, पऱ्हे लाव ना!" पंचफुलाचा आवाज जगात तेवढाच उरला होता, आणि तो होता तृप्तीच्या खात्यात.

ते खातं कसं उघडलं होतं, ऐका. लग्नानंतर विनोदने तिला फोन घेऊन दिला. मोबाइलच्या दुकानदाराने काउंटरवरच तिचं खातं उघडलं. आपल्याकडे असंच चालतं की नाही? गिऱ्हाईक उभं असतं, दुकानदार विचारतो, "पासवर्ड काय टाकू?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच टाकतो. नंबर टाकला विनोदचा, पासवर्ड ठेवला विनोदच्या नावाचा. तृप्ती पेढ्यांचा पुडा हातात धरून बाजूला उभी होती. खातं तिच्या नावाचं, पण किल्ली कोणाकडे राहिली हे तिने विचारलं नाही. नव्या नवरीने असलं काही विचारायचं असतं, हे तिला कोण सांगणार?

मायला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी तृप्तीला राहवेना. मायचा आवाज ऐकायचाच होता. ती लॅपटॉपसमोर बसली. "फोन तं तिकडंच हाये, मी तं इथी हावो," असं स्वतःशी पुटपुटली. इथे उघडलेलं खातं इथेच राहतं, जसे एका डब्यातले दागिने त्याच डब्यात राहतात, असं तिला वाटत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी हिरवा होतो. तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. ब्राउझरने विचारलं, सगळं इथेही जोडून ठेवू का? तिने 'हो' दाबलं.

मित्रांनो, तिकडे गावठाणात तिचा फोन विनोदच्या हातात होता आणि त्यात तेच खातं उघडं होतं. इकडे तृप्ती जे बघेल, जे शोधेल, ते तिकडे उमटायला लागलं. बाहेरून कोणी आत शिरलं तर मी हाकलतो, पण हा बाहेरचा नव्हताच. तो तृप्तीच्याच नावाने, तृप्तीच्याच पासवर्डने बसला होता. मला शिकवलेल्या हिशेबात तो घरचाच माणूस. मला तोंड नव्हतं, दोन रंग तेवढे होते. त्या दोन रंगांच्या नियमात यासाठी लाल नव्हता. मी हिरवाच राहिलो.

तिने व्हिडिओ लावला. सुंदरबाई आतून हात पुसत आल्या. "कोण गाऊन राहिलं वं?"

"माय हाय माही," तृप्ती म्हणाली. रडत होती आणि हसतही होती.

सुंदरबाई खाली बसल्या. "आवाज कसा खणखणीत हाय बाईचा! लाव आणखी एकडाव." त्यानंतर रोजच तो व्हिडिओ लागायला लागला. सुंदरबाईंना तर गाणं पाठ झालं.

काही दिवसांनी प्रेसवाल्याने काम समजावून द्यायला तिला भंडाऱ्याला बोलावलं. पूल ओलांडून कसं जायचं ते तिने नकाशात पाहिलं. सुंदरबाईंच्या गल्लीपासून प्रेसच्या दारापर्यंत निळी रेघ उमटली. त्या पानावरच्या जाहिरातवाल्यांना मी मोठ्या ऐटीत अडवलं. रेघ मात्र जशीच्या तशी विनोदच्या हातात गेली.

तो भरदुपारी आला. पुढे तेजरामना घातलं होतं.

"जयभीम, बाई," तेजराम मान खाली घालून म्हणाले.

"रामराम. कोणाकडं आले?" सुंदरबाईंनी दारातच विचारलं.

"तृप्तीले न्यायाले आलो," विनोद मागून म्हणाला. हातात मिठाईचा डबा होता.

"इथी कोणी तृप्ती-बिप्ती नाई राह्यत."

"काहून खोटं बोलता, मावशी?" विनोदने खिशातून तृप्तीचा फोन काढला. "तुमच्या गल्लीचा नकाशाच हाय माह्याजवळ."

तृप्ती आतल्या दारात येऊन उभी होती. तिच्याकडे पाहून तो अगदी मायेने बोलला, "मायचा व्हिडिओ पाहून पाहून रडून राह्यली होती ना तू? समदं दिसे मले. म्हणून मी तो काढूनच टाकला. कचऱ्याच्या पेटीतूनबी काढला. कायले जिवाले तरास?"

तृप्ती धावत लॅपटॉपपाशी आली. तिने खातं उघडलं, खालीवर केलं, पुन्हा खालीवर केलं. पंचफुला कुठेच नव्हती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाही हिरवा होतो, मित्रांनो. जळो ती हिरवी खूण!

"जागा होता ना रे तू?" ती म्हणाली. रागावून नाही, अगदी हळू. मला त्या क्षणी बंद पडायचं होतं, पण राखणदाराला तेही आपल्या हातानं करता येत नाही.

बाहेर सुंदरबाई तेजरामवर तुटून पडल्या होत्या. "बाप हाव का कोण हाव तुमी? पोरगी मरून घरी आली म्हणजे समाधान होईन का तुमचं?"

"मले तं जावई म्हणाले, तिनंच बलावलं," तेजराम पुटपुटले. "आन लोक काय म्हणतीन, बाई…"

"लोकाइले चुलीत घाला!" सुंदरबाईंनी तृप्तीचा हात धरला. "नोको जाऊ वं. मी हावो ना! पोलिसात जाऊ, कुठीबी जाऊ."

तृप्तीने हात सोडवून घेतला. "कुठी जाऊ, मावशी? कुठीबी गेली तरी याले दिसतेच. मंग कायले पळू?" तिने चपला घातल्या आणि ती गेली. अर्धी टाइप झालेली कोणाची तरी पत्रिका पडद्यावर तशीच राहिली.

रुचिता नागपूरहून धावत आली. काय झालं हे तिला थोड्याच वेळात उमगलं आणि ती कीबोर्डवर डोकं ठेवून हमसून रडली. "मीच तिले म्हटलं ना, हिरवं हाय तोवर बिनधास्त राह्य म्हणून!" ती गावठाणात जाऊन आली. तृप्ती दारातच उभी राहून "मी बरी हाय, तू जाय" म्हणाली आणि तिच्या मागे विनोद उभा होता. पोलिसांकडेही ती गेली, पण तृप्तीच "काही नाही" म्हणते तर ते तरी काय लिहिणार?

मग रुचिताने माझी हिरवी खूण काढून टाकली आणि मला एक प्रश्न शिकवला. आता कोणीही खातं उघडलं की मी आधी विचारतो, 'हे खातं कोणी उघडून दिलं? नंबर कोणाचा आहे? दुसऱ्या कोणत्या फोनात ते उघडं आहे?' चांगला प्रश्न आहे. पण मी लॅपटॉपात राहतो. तृप्तीच्या घरी लॅपटॉप नाही. तिथे फक्त फोन आहे आणि तो विनोदच्या खिशात आहे.

लॅपटॉप पुन्हा पापडाच्या डब्याशेजारी आहे. सुंदरबाई धूळ झटकताना कधी कधी तेच रोवण्याचं गाणं गुणगुणतात. पंचफुलाचं तेवढंच उरलं आहे, तेही दुसऱ्याच्या गळ्यात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा असेल तर त्याला जपा, पण त्याच्या रंगावर जाऊ नका. आज घरी गेलात की आपल्या आईजवळ, ताईजवळ, वहिनीजवळ बसा. तिचं खातं कोणी उघडलं ते विचारा आणि किल्ली तिच्या हातात येईपर्यंत उठू नका. तृप्तीजवळ असं कोणी बसलं नाही. मी तिच्यासमोर रोज होतो, पण तेव्हा मला विचारता येत नव्हतं. आता येतं, आणि ती समोर नाही.