मुलगा बंगळुरूला असतो

ओळख करून द्यायची वाक्यं उन्नतीने नवऱ्यासमोर पाठ केली होती. "मी उन्नती सामंत. लेखिका होऊ पाहतेय. मध्यंतरी सगळंच सुटलं होतं, आता पुन्हा सवय लावून घेतेय. चालण्याची, वेळेवर जेवण्याची आणि लिहिण्याची."

श्रीरंगने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं. "छान. एवढंच बोल आणि बस खाली. पुढे कोणी विचारलं तर पाणी प्यायला ऊठ."

पुढे कोण काय विचारणार हे दोघांनाही ठाऊक होतं. समोरच्याचं गाव कुठलं आणि मुलंबाळं किती, हे कळल्याशिवाय आपल्या माणसांना अन्न पचत नाही.

संकेतला जाऊन दीड वर्ष झालं होतं. कामणच्या गोदामातली ड्यूटी संपवून तो बाइकवरून घरी यायला निघाला आणि मागून ट्रेलर आला. त्यानंतर उन्नतीने अंथरूण धरलं. आंघोळ नाही, धड जेवण नाही. चहात बुडवून बिस्किटं आणि गोळी घेऊन झोप. विरारच्या बिल्डिंगमध्ये ती लिफ्टमध्ये शिरली की बायका गप्प व्हायच्या, त्याचा तिला राग यायचा. त्या बोलायला लागल्या की जास्त राग यायचा. शेवटी श्रीरंगने तो फ्लॅट भाड्याने दिला आणि वसईत, जिथे कोणी ओळखीचं नव्हतं, तिथे बिऱ्हाड हलवलं. सातिवलीच्या कंपनीतून आला की तो स्वयंपाक करायचा आणि तिच्यासमोर ताट ठेवून ती जेवेपर्यंत बसून राहायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रोज चाला, वेळेवर जेवा आणि पूर्वी कथा लिहायचात ना, मग चार ओळी का होईना, लिहा. चालणं जमलं, जेवणही जमलं. लिहायला बसली की मात्र हात उचलायचा नाही. म्हणून मग वाचनालयातलं हे रविवारचं लेखकमंडळ.

मंडळ चालवायचे फर्डिनंड सर, निवृत्त शिक्षक. नव्या माणसाने उभं राहून ओळख द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. उन्नतीने न अडखळता सगळं म्हटलं, टाळ्या पडल्या, ती खाली बसली. जीव भांड्यात पडतो न पडतो तोच शेजारच्या मीराताईंनी चिवड्याची बशी पुढे केली.

"घरी कोण कोण?"

"मी आणि मिस्टर."

"मुलं?"

पाणी प्यायला उठायचं ती साफ विसरली. "एक. मुलगा." इथवर खरं होतं. "बंगळुरूला असतो."

"एकटाच? अगंबाई! मग जेवणाचं काय?"

"भातापलीकडे काही येत नाही हो त्याला. रोज फोन करतो. आई, फोडणीत आधी मोहरी की आधी जिरं?"

सगळे हसले. उन्नतीही हसली, आणि स्वतःचं हसणं ऐकून दचकली.

त्या संध्याकाळी ती लिहायला बसली ती उठेचना. श्रीरंगने जेवायला हाका मारल्या, मग दारात येऊन पाहिलं आणि डोळे पुसत परत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून आनंदाने सांगितलं. आपण कशाचा आनंद साजरा करतोय, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं.

पुढे दर रविवारी संकेत थोडा थोडा वाढत गेला. त्याला सर्दी झाली, बढती मिळाली, त्याने कुकर जाळला. आर्या नावाची एक मुलगी त्याच्यासोबत दिसू लागली. कथा लिहिणारी बाई कथा सांगणारच, अशी उन्नती स्वतःची समजूत घालायची. खरं कारण तिला पक्कं माहीत होतं. रविवारच्या त्या दुपारी तिचा मुलगा जिवंत असायचा आणि त्या जोरावर ती उरलेला आठवडा चालायची, जेवायची, लिहायची. खोटं उघडं पडलं तर मंडळ जाईल, याची तिला भीती नव्हती. संकेत दुसऱ्यांदा जाईल, याची होती.

आणि एका रविवारी, कोणी फारसं विचारलंही नसताना, ती बोलून गेली. "ठरलंय दोघांचं. डिसेंबरात लग्न."

त्याच आठवड्यात श्रीरंग कंपनीतून आला, बूट काढायला खाली बसला आणि बसूनच राहिला. उन्नती चहा करत होती.

"मीराताईंचा फोन होता," तो म्हणाला. "आपल्याला केळवणाला बोलावलंय. रविवारी."

चहा उतू गेला. तो ओरडेल, निदान काही विचारेल, म्हणून ती तशीच उभी राहिली.

"काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणणार? येतो म्हणालो."

"मी नाही जाणार."

"मग फोन करून कारण सांग." त्याने बूट जागेवर ठेवले. "पण तू सांग, उन्नती. त्या वेळी सगळ्यांना फोन मी केले. एकेकाला सांगितलं. ते मी पुन्हा नाही करणार."

तिने फोन हातात घेतला, ठेवला. रविवार उजाडेपर्यंत हेच चाललं होतं.

मीराताईंनी हौस म्हणून काही बाकी ठेवलं नव्हतं. दारात तोरण, घरात समई, पाटाभोवती रांगोळ्या. पुरणपोळी, मसालेभात, अळूची भाजी, वरणभातावर तुपाची धार. फर्डिनंड सर बायकोच्या हातचा केक घेऊन आले होते आणि हे केळवण म्हणजे नक्की काय, ते कौतुकाने विचारत होते. उन्नतीने ठेवणीतली साडी नेसली होती. तिला आणि श्रीरंगला पाटांवर बसवलं. दोघांच्या मधे तिसरा पाट होता. त्याच्यापुढचं ताट सगळं वाढलेलं होतं.

"नवरदेव नाही आला तरी त्याचं पान मांडायला नको का?" मीराताई म्हणाल्या. "तुम्हीच खा त्याच्या नावाने."

पान वाढलेलं आणि पाट रिकामा. वर्षश्राद्धाच्या दिवशी श्रीरंगने एकट्याने असंच ताट वाढलं होतं. तेव्हा उन्नती बेडरूमची कडी लावून आत बसली होती, बाहेर डोकावलीसुद्धा नव्हती. आज तिच्या हातभर अंतरावर तेच ताट होतं. फक्त भोवती रांगोळी होती.

"फोटो काढतो," सर म्हणाले. "तिन्ही ताटं येऊ देत."

"फोटो कसले, व्हिडिओ कॉलच लावा की!" मीराताईंना सुचलं. "बघू दे त्याला, काय काय हुकलं ते."

सगळ्यांनी तेच लावून धरलं. उन्नतीच्या ओठांवर उत्तर तयारच होतं. "रविवारचीही शिफ्ट असते हो त्याची."

"मग त्याच्यासाठी दोन शब्द तरी बोला. नवरदेवाचे बाबा, तुम्ही बोला," मीराताई श्रीरंगला म्हणाल्या.

श्रीरंगने अजून घासही घेतला नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो मधल्या ताटाकडे पाहत होता आणि त्याची हनुवटी थरथरत होती. संकेत गेल्यापासून तो तिच्यासमोर असा कधी रडला नव्हता. तिला जेवू घालायचं म्हणून त्याने तेही मागे ठेवलं होतं. उन्नतीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला तिथे बसवेना.

ती उठली. मधलं ताट तिने दोन्ही हातांनी उचललं.

"अहो, राहू द्या, कुठे नेताय?" मीराताई हसत म्हणाल्या.

उन्नती गॅलरीत गेली. ताट तिने कठड्यावर ठेवलं, एक पाऊल मागे सरकली आणि हात जोडले. मग तोंड वर करून तिने साद घातली.

"काव... काव..."

आतलं हसणं एकदम थांबलं. मराठी घरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मीराताईंच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. सरांनी फोन खाली घेतला आणि कपाळावर क्रुसाची खूण केली. श्रीरंग येऊन तिच्या मागे उभा राहिला.

समोरच्या नारळाच्या झावळीवर कावळा बसला होता, पण येत नव्हता. उन्नतीने पुन्हा साद घातली, आणखी मोठ्याने. मग तिचा आवाज फुटला.

"ये रे संकेत. ये बाळा. जेवून घे."